मूळ संहिता नसलेला अनुवाद : अमीन रिहानीची ‘द बुक ऑफ खालिद’

अमेरिकेत स्थलांतरित झालेला अरब लेखक म्हटले की मराठी वाचकासमोर खलील जिब्रान उभा राहतो. वि. स. खांडेकरांनी जिब्रानच्या रूपककथा मराठीत आणल्या आणि त्यातून सूत्रमय बोलणारा एक पौर्वात्य प्रज्ञावंत मराठी वाचकाच्या मनात स्थिरावला. या प्रतिमेत स्थलांतराला जागा नाही. ‘द प्रॉफेट’ची (१९२३) इंग्रजी बायबलच्या वळणाची आहे, ती कोणत्याही गावची, कोणत्याही गल्लीची भाषा नाही. अरबीतून इंग्रजीत येताना जिब्रानने आपल्या प्रवासाच्या खुणा पुसून टाकल्या. जिब्रानचा ज्येष्ठ समकालीन अमीन रिहानी (१८७६-१९४०) याने मात्र बारा वर्षे आधीच नेमके याच्या उलट केले होते. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेली त्याची ‘द बुक ऑफ खालिद’ ही अरब लेखकाने इंग्रजीत लिहिलेली पहिली कादंबरी मानली जाते. तिच्यातील चित्रे जिब्रानची आहेत, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

रिहानीचा जन्म लेबनॉन पर्वतातील फ्रेइके या गावचा, मारोनी ख्रिस्ती कुटुंबातला. १८८८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला आला आणि मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या सीरियन वस्तीतील तळघरात वडील-चुलत्यांच्या दुकानाचे हिशेब लिहू लागला. इंग्रजी वाचन तिथले. साहित्यिक अरबीचा खरा अभ्यास मात्र १८९८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतल्यावर सुरू झाला. अबुल अला अल-मआर्री हा अकराव्या शतकातील संशयवादी कवी त्याला तेव्हा सापडला आणि १९०३ मध्ये रिहानीने त्याच्या काव्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. मातृभाषेतील अभिजात वाङ्मयाकडे परकी भाषेच्या वाटेने पोहोचलेला हा लेखक आहे. त्याला ‘मुळात अरबी, नंतर इंग्रजी’ अशा क्रमात बसवणे म्हणूनच चुकीचे ठरते. अरबी वाङ्मयाच्या इतिहासात तो मुक्त गद्यकाव्याचा प्रवर्तक म्हणून येतो, अमेरिकन इतिहासात स्थलांतरितांच्या कादंबरीचा आरंभकर्ता म्हणून. दोन्ही इतिहास अर्धा-अर्धा रिहानी वाटून घेतात आणि ‘खालिद’ मधल्या फटीत पडते.

या कादंबरीचे निवेदन एका संपादकाच्या हाती आहे. कैरोच्या खेदिवी ग्रंथालयात, जुनी पपायरसची भेंडोळी आणि सुशोभित कुराणप्रती यांच्या सान्निध्यात, त्याला खालिद नावाच्या कुणाचे आधुनिक अरबी हस्तलिखित सापडते. त्याच्या जोडीला तो खालिदचा सोबती शकीब याने लिहिलेली, फ्रेंच शीर्षकाची आठवणवजा कहाणी मिळवतो आणि दोहोंतून इंग्रजी पुस्तक रचतो. सापडलेल्या हस्तलिखिताची क्लृप्ती जुनी आहे. कार्लाइलच्या ‘सार्टर रिसार्टस’मध्ये ती आहे आणि कार्लाइल हा रिहानीच्या विशेष वाचनातला लेखक. तिच्याही मागे सर्व्हान्टिसची ‘दॉन किहोते’ आहे. तीही आपण एका अरबी हस्तलिखितावरून आल्याची बतावणी करते. सर्व्हान्टिसला अरब लेखक विनोदासाठी हवा होता. इथे त्या विनोदातला अरबच लेखणी हाती घेतो, आणि तरीही मूळ लेखक म्हणून पुढे न येता संपादकाच्या आड उभा राहतो.

असे का, याचे उत्तर कादंबरीतील फेरीवाल्याच्या प्रसंगांत शोधावे लागते. बालबेकहून आलेले खालिद आणि शकीब न्यूयॉर्कच्या तळघरात राहतात आणि पाठीवर पेटी घेऊन दारोदार माल विकतात. माल म्हणजे क्रूस, जपमाळा आणि असलीच धार्मिक चीजवस्तू. ती पवित्र भूमीतून आली असे सांगितले की अमेरिकन गृहिणी ती घेतात. विक्रेत्याचा चेहरा हाच मालाच्या अस्सलपणाचा दाखला. शकीबला यात काही गैर वाटत नाही. तो कविता करतो आणि पैसा गाठीला बांधतो. खालिदला हे खोटे असह्य होते आणि तो आपली पेटी जाळून टाकतो.

या प्रसंगाचा कादंबरीच्या चौकटीशी असलेला संबंध सहज नजरेतून निसटतो. पौर्वात्य हस्तलिखित म्हणून इंग्रजी वाचकापुढे ठेवलेले हे पुस्तक हाही त्याच जातीचा माल आहे. कैरोत कोणतेही हस्तलिखित नव्हते. रिहानीने फ्रेइकेच्या एकांतवासात, लेबनॉनमध्ये बसून, ही कादंबरी इंग्रजीत लिहिली. ज्या बाजाराला अरबाकडून कलाकृती नको, दस्तऐवज हवा, त्या बाजारात लेखक दस्तऐवजाचे सोंग आणतो, आणि त्याच पुस्तकाच्या पोटात पेटी जाळून त्या सोंगाची राखही दाखवतो. संपादकाचा उपरोध इथे कामी येतो. तो शकीबच्या भाबड्या भक्तीची टर उडवतो, खालिदच्या घोषणांना चिमटे काढतो. भाषाही तशीच मिश्र आहे : ग्रांथिक इंग्रजी, रस्त्यावरचे बोल, मधूनच अरबी शब्द. तिसऱ्या भागाच्या शीर्षकात तर ‘कुल्लु मकान’, म्हणजे सर्वत्र, हे अरबी शब्द जसेच्या तसे येतात.

हे संतुलन अखेरपर्यंत टिकत नाही, हे मान्य करायला हवे. खालिद मायदेशी परततो, चुलतबहीण नजमाशी विवाह करण्यावरून धर्मसत्तेशी त्याचा संघर्ष होतो, तो लेबनॉनच्या अरण्यात जातो. तोवर कादंबरीत प्राण आहे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीतील भाषणाच्या सुमारास संपादक आणि नायक यांचे आवाज एक होऊ लागतात आणि उपरोध आटतो. १९०८ च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीने जागवलेल्या आशा लेखकाच्याही होत्या. त्यांच्याकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहणे त्याला जमलेले नाही. शतकपूर्तीनंतर निघालेल्या नव्या आवृत्त्यांच्या निमित्ताने पूर्व-पश्चिम संवादाचा प्रवक्ता म्हणून रिहानीचा जो गौरव झाला, तो मुख्यतः या दुबळ्या भागाच्या आधारे झाला आहे. उपदेशक खालिद उद्धृत करायला सोयीचा असतो. फेरीवाला खालिद नसतो.

रिहानीला पुढे संपादकाची गरज उरली नाही. १९२२ च्या अरबस्तान प्रवासावर त्याने अरबीत ‘मुलूक अल-अरब’ (१९२४) लिहिले आणि इंग्रजीत त्याच मुलखावर वेगळी पुस्तके, दोन्हीकडे आपल्या नावाने, आपल्या आवाजात. ‘खालिद’ मात्र त्याने स्वतः कधीही अरबीत नेली नाही. अरबी मूळ असल्याचा दावा करणाऱ्या या कादंबरीला त्याच्या हयातीत अरबी संहिता मिळाली नाही. ती आली त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच्या हातून, इंग्रजीवरून केलेला अनुवाद म्हणून.