पंचरंगी दिवसातला आपला रंग

रेडिओच्या कार्यक्रमांवर समीक्षा लिहिण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. पुस्तक हाती राहते, नाटकाचा पुन्हा प्रयोग होतो. ध्वनिक्षेपित शब्द मात्र हवेत विरून जातो आणि विरलेल्याचा हिशेब कोणी मागत नाही. तथापि ज्या कार्यक्रमांनी मराठवाड्यातील दोन-तीन पिढ्यांचा कान घडवला, त्यांची एकदा तरी पारख व्हावयास हवी. म्हणून ‘विविध भारती’चा एक दिवस नांदेड-लातूरच्या श्रोत्याच्या कानाने ऐकून पाहू.

या सेवेचा जन्म एका भांडणातून झाला. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्रिपद बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना तळमळ होती आणि चित्रपटगीतांविषयी तितकीच नाराजी. आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटू लागताच श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन गाठले. अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तेथूनच घरोघरी पोचली. लोकांचा कान सक्तीने वळत नाही, हे सरकारला उमगले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. ‘पंचरंगी कार्यक्रम’ हे तिचे बिरुद.

या दिवसाची बांधणी विचारपूर्वक केलेली आहे. वेळा काळानुसार मागेपुढे झाल्या, पण क्रमातले सूत्र टिकले. सकाळी ‘भूले बिसरे गीत’ जुन्या पिढीला तिचा काळ परत देते. त्यानंतरच्या ‘संगीत सरिते’त एखाद्या रागाची ओळख करून दिली जाते आणि त्याच रागावर बेतलेले चित्रपटगीत ऐकवले जाते. माझ्या मते साऱ्या दिवसातील सर्वांत बुद्धिमान कल्पना हीच. मंत्रिमहोदयांनी ज्या दोघांत वैर मानले, ते राग आणि चित्रपटगीत येथे एकाच ओसरीवर बसतात. ज्याला गाणे ठाऊक आहे त्याला राग गवसतो, आणि शिकवणी चालली आहे असे त्याला वाटतही नाही. दुःख इतकेच की या कामाला अवघी काही मिनिटे मिळतात; उरलेल्या दिवसावर गाण्यांचे राज्य असते, आणि १९६७ पासून जाहिरातींचेही.

सायंकाळी ‘जयमाला’ लागते. सीमेवरच्या जवानाची फर्माईश आणि घरी वाट पाहणारी त्याची आई, ही दोन टोके त्या अर्ध्या तासात जोडली जातात. रात्री ‘हवामहल’मधील छोटे नाटक रंगमंचाविना उभे राहते. जेथे नाटक कंपनीची गाडी वर्षाकाठी एखादेवेळी थांबते, तेथील माणसाला या पाव तासाचे मोल विचारावे. शेवटी ‘छायागीत’. येथे निवेदक केवळ गाण्यांची नावे सांगत नाही. स्वतःची निवड आणि स्वतःचे शब्द घेऊन तो श्रोत्याशी बोलतो.

ही भाषा मराठी नव्हे, हिंदुस्थानी आहे. तरी ती आमच्या भागात परकी ठरली नाही. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला, म्हणजे विविध भारतीच्या अवघ्या अकरा महिने आधी. तोवर तो हैदराबाद राज्याचा भाग होता. तेथील राज्यकारभार उर्दूत चाले, उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतून होई. आमच्या वडीलधाऱ्यांना रेडिओ प्रथम भेटला तो सत्तेचा आवाज म्हणून. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाला आपली हार बोलून दाखवण्यासाठी हैदराबादच्या रेडिओ केंद्राचाच आधार घ्यावा लागला. ज्या भाषेत हुकूम ऐकले त्याच वळणाच्या भाषेत पुढे ‘छायागीत’ ऐकायला मिळाले. भाषेवरचा सत्तेचा डाग गाण्यांनी धुऊन काढला, हे विविध भारतीचे मराठवाड्यावरचे ऋण मी मोठे मानतो.

पण ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतो. या पंचरंगात आपला रंग कोणता? कार्यक्रमांत विविधता आहे; जीवनांत आहे का? कोरडवाहू शेतकरी, तांड्यावरची स्त्री, उसाच्या फडाकडे निघालेले बिऱ्हाड हे सारे श्रोते आहेत, विषय मात्र क्वचितच. मराठीसाठी त्यांना परभणी केंद्राकडे वळावे लागले, पुढे नांदेडलाही केंद्र आले. राष्ट्रीय सेवेत त्यांना उरला तो फर्माईशीचा कागद. निवेदक नावे वाचतो, गावे वाचतो. झुमरी तिलैया हे दूरचे गाव केवळ पत्रांच्या चिकाटीमुळे देशाच्या तोंडी बसले. या हौसेला आपण हसतो. मला तिच्यात एक गंभीर मागणी ऐकू येते. आम्ही आहोत, आमच्या गावाचे नाव एकदा घ्या, अशी ती मागणी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन मिनिटांनी, किल्लारी परिसर हादरला. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या दिवशी देशाने ऐकली. गाण्याच्या निमित्ताने ज्यांचा उच्चार बहुधा झाला नसता, ती गावे मृत्यूच्या निमित्ताने उच्चारली गेली. हा दोष एखाद्या निवेदकाचा नव्हे; बातम्यांना थोडी जागा देणाऱ्या करमणुकीच्या सेवेकडून त्या दिवसाची अपेक्षाही करता येणार नाही. परंतु गाव जिवंत असताना त्याचे नाव घेणारे कोणी असावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

आज विविध भारती मोबाइलवरही ऐकू येते. प्रत्येकजण कानात आपापले यंत्र घालून आपापले गाणे निवडतो. पूर्वी फळीवरच्या एका रेडिओपुढे सारे घर बसे. आजीच्या गाण्यासाठी नातू थांबे, नातवाच्या गाण्यासाठी आजी. न निवडलेले ऐकण्याची ती सवय हेच या दिवसाचे खरे दान होते. सेवेने तिच्यात भर घालावी: रोज एका तालुक्याचे नाव, त्याची एखादी ओवी, तेथील एका माणसाचा आवाज. त्यासाठी पाव तास पुरेल. ‘संगीत सरिते’ने एवढ्याच वेळात काय साधते, हे दाखवून दिलेच आहे.