थकलेल्या भाड्याची नोटीस : एका गद्यप्रकाराचें परीक्षण

वाङ्मयाच्या चर्चेंत ज्याला कोणी जागा देत नाहीं, परंतु ज्याच्या पहिल्या ओळीनेंच वाचणाऱ्याच्या पोटांत गोळा उठतो, असा एक गद्यप्रकार आपल्या भाषेंत आहे. तो म्हणजे थकलेल्या भाड्याची नोटीस. कादंबरी अर्ध्यावर टाकून देतां येते. कविता न कळली म्हणून कोणाचें बिऱ्हाड रस्त्यावर येत नाहीं. नोटिशीचें तसें नाहीं. ती न कळल्यास अनर्थ होतो, आणि चुकीची कळल्यास त्याहून मोठा होतो. म्हणून तिच्या भाषेची परीक्षा करणें हें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें काम आहे, असें मला वाटत नाहीं.

या लेखास निमित्त झाली ती वर्धा जिल्ह्यांतील अल्लीपूर येथें पाहिलेली एक नोटीस. हिंगणघाट तालुक्यांतल्या या कपाशीच्या मुलखांतील गांवीं एका शिंप्यानें कोणा गृहस्थाची मोकळी जागा दरमहा भाड्यानें घेऊन तीवर स्वतःच्या पैशानें पत्र्याची टपरी उभी केली होती. छप्पर त्याचें, भुई दुसऱ्याची. चार महिन्यांचें भाडें तुंबलें, आणि एके दिवशीं पोस्टानें वकिलाचें पाकीट आलें. तें माझ्या हातीं देतांना त्यानें विचारलें, "गुरुजी, टपरी आजच काढा लागते का जी?" आज टपरी काढावी असें नोटिशींत कोठेंच नव्हतें; पण काय होतें हें समजण्यास मलाही ती दोनदां वाचावी लागली.

तिची रचना पाहावी. सबंध नोटीस म्हणजे एकच वाक्य. आरंभ 'माझ्या अशिलांच्या सांगण्यावरून' असा. मग सदरहू मिळकतीच्या चतुःसीमा. मग 'वारंवार तोंडी मागणी करूनही', 'हेतुपुरस्सर', 'लबाडीच्या इराद्यानें' अशी विशेषणांची माळ. त्या माळेंत कोठें तरी अडकलेला रकमेचा आंकडा. आणि शेवटीं 'होणाऱ्या खर्चास व परिणामास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल' ही गर्जना. कोणत्या महिन्यांचें भाडें, कोणत्या दरानें, तें कोठें व कोणापाशीं भरावयाचें, यांपैकीं कशाचाच उल्लेख नाहीं. नोटिशीचा खर्च मात्र रुपयांनिशीं स्पष्ट लिहिलेला. ज्या गोष्टी वाचकास हव्या त्या अंधारांत, आणि ज्या नकोत त्या भर उजेडांत, हा रचनेचा दोष आहे. एखाद्या कथाकारानें असें केलें असतें तर आपण त्याला क्षमा केली नसती.

वकीलवर्गाचें यावर ठरलेलें उत्तर आहे. ते म्हणतात कीं, ही भाषा कोर्टासाठीं आहे, आणि तिचे शब्द झिजून झिजून निश्चित अर्थाचे झालेले आहेत. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. चतुःसीमा सांगितल्या नाहींत तर जागा कोणती हाच वाद उभा राहील, आणि 'अमुक तारखेपासून' हे शब्द गाळले तर सारा दावा लंगडा पडेल. परंतु कायदा मागतो किती, तें पाहूं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणें, वेगळा करार नसल्यास, दरमहाचा भाडेपट्टा संपविण्यास पंधरा दिवसांची नोटीस लागते. ती लेखी असावी, तिच्यावर सही असावी, आणि ती पोस्टानें वा हातोहात पोंचवावी. तें न जमल्यास जागेवर ठळक ठिकाणीं लावावी. एवढेंच. 'लबाडी' हा शब्द या कलमांत नाहीं. तो लिहिणाऱ्यानें पदरचा घातलेला अलंकार आहे.

आतां कायद्याची दुसरी बाजू घ्या. विदर्भांतील ज्या शहरांस १९४९ चा भाडेनियंत्रण हुकूम लागू होता, तेथें मालकास जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वींच नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. पुढें १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. त्यानें असें ठरविलें कीं, थकबाकीची लेखी मागणी केल्यावर नव्वद दिवस लोटल्याशिवाय ताब्याचा दावा आणतां येणार नाहीं. आणि दाव्याचें समन्स पोंचल्यावरही भाडेकरूनें नव्वद दिवसांत थकबाकी, तिच्यावर शेंकडा १५ प्रमाणें सरळ व्याज व खर्च भरला तर त्याला घालवूं नये. म्हणजे कायदेमंडळाच्या दृष्टीनें नोटीस हें शस्त्र नसून संधि आहे.

हा कायदा इमारतींपुरता आहे. मोकळ्या भुईवरील आमच्या शिंप्यास त्याचा आधार नाहीं. तथापि १८८२ चा कायदाही त्याला अगदींच उघड्यावर टाकीत नाहीं. भाडें न दिल्यामुळें पट्टा गमावण्याचा प्रसंग आला, तरी सुनावणीच्या वेळीं थकबाकी, व्याज व खर्च चुकता करणाऱ्यास ११४ व्या कलमाखालीं कोर्ट वांचवूं शकतें. आणि १०८ व्या कलमाप्रमाणें, विरुद्ध करार वा रूढि नसल्यास, जागा ताब्यांत आहे तोंपर्यंत भाडेकरूस आपण जमिनीस जोडलेल्या वस्तू काढून नेतां येतात. जागा मात्र पूर्ववत् करून द्यावी लागते. टपरी त्याचीच आहे, हें कायदा जाणतो. नोटीस जाणत नाहीं.

घर आपलें व भुई परक्याची, ही अडचण अल्लीपुरापुरतीच नाहीं. अमेरिकेंत चाकांवरच्या घरांच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. चाकें नांवापुरतीं, घर एकदां बसलें कीं हलविणें अतिशय खर्चाचें. कॅलिफोर्निया संस्थानाच्या कायद्यानें भाडें पांच दिवस थकल्यावर तीन दिवसांची लेखी मागणी करतां येते. परंतु जागा सोडावयास लावणें झाल्यास साठ दिवसांची मुदत द्यावी लागते. मागणी तांतडीची असावी, पण उठविणें सावकाशीचें, हा विवेक त्यांत दिसतो.

आपल्या भाषेंत हा विवेक नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. जुन्या पत्रव्यवहारांत पैशाचा तगादा असला तरी मायना सुटत नसे. 'राजमान्य राजेश्री' म्हणून नमस्कार घालूनच मागणी केली जाई. त्या मायन्यांत दंभ असेल, परंतु समोरचा माणूस आहे ही जाणीव होती. आजच्या नोटिशीनें जुन्या कागदांतील 'सदरहू' व 'मजकूर' तेवढे उचलले, आणि नमस्कार टाकून दिला.

टीकाकारानें केवळ दोष दाखवून थांबूं नये, म्हणून माझा मसुदा देतों : 'तुमच्याकडे अमुक चार महिन्यांचें भाडें, दरमहा इतक्या रुपयांप्रमाणें, एकूण इतकें येणें आहे. तें अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणीं देऊन पावती घ्यावी. हिशेब चुकला असें वाटल्यास कळवावें. मुदतींत रक्कम न आल्यास भाडेपट्टा संपवून कोर्टांत जाणें मला भाग पडेल. कोर्टाच्या हुकुमावांचून तुमच्या टपरीस कोणी हात लावणार नाहीं.' जागेचें वर्णन खालीं निराळें द्यावें. एवढ्यानें मालकाचा कोणता हक्क बुडतो, तें जाणत्यांनीं सांगावें.

मालक म्हणजे दुष्टच, असें मानण्याचें कारण नाहीं. या प्रकरणांतील मालक वयस्क गृहस्थ असून त्यांचा औषधांचा खर्च याच भाड्यावर चालतो. मी त्यांना भेटून नोटीस वाचून दाखविली. 'लबाडीच्या इराद्यानें' हे शब्द ऐकतांच ते चपापले व म्हणाले, "असं मी कधीं म्हटलं जी? मी तर पैसे मिळावेत एवढंच सांगितलं होतं." म्हणजे ज्याच्या नांवानें ती लिहिली गेली त्याला ती ठाऊक नव्हती, आणि ज्याला ती लिहिली गेली त्याला ती कळली नव्हती. पुढें दोघे ओट्यावर समोरासमोर बसले आणि हप्ते ठरले. जें काम त्या लांबलचक वाक्यानें केलें नाहीं, तें चार साध्या वाक्यांनीं केलें.