मॉलिन्यूचा अपराध

नथॅनिएल हॉथॉर्नची ‘माय किन्समन, मेजर मॉलिन्यू’ ही कथा १८३२ च्या ‘द टोकन’ या वार्षिकात लेखकाच्या नावाविना छापली गेली. पुढे तिच्यावर विपुल लिहिले गेले. पुष्कळांनी ती एका खेडवळ तरुणाच्या वयात येण्याची, फार तर एका दुःस्वप्नाची कथा म्हणून वाचली. त्या वाचनात कथेचा पहिला परिच्छेद अडगळीत पडतो. माझ्या मते कथेची किल्ली तिथेच आहे.

त्या परिच्छेदात मॅसॅच्युसेट्सच्या राजनियुक्त गव्हर्नरांची गत सांगितली आहे. १६२९ च्या सनदेखाली ही वसाहत आपला गव्हर्नर आपणच निवडत असे. १६८४ मध्ये ती सनद रद्द झाली. १६८६ मध्ये आलेल्या सर एडमंड अँड्रॉसला लोकांनी १६८९ च्या एप्रिलात कैद केले. पण १६९१ च्या नव्या सनदेने गव्हर्नर नेमण्याचा अधिकार राजाकडेच ठेवला. कोणता गव्हर्नर तुरुंगात गेला, कोण पळाला, कोण भांडता भांडता मेला, याची मोजदाद हॉथॉर्न कोरड्या विनोदाने करतो. लंडनचे हुकूम सौम्य करून राबवावेत तर वरिष्ठांची इतराजी, आणि प्रजेकडून मात्र आभार नाहीत, ही त्या पदाची कोंडी त्याने नेमकी पकडली आहे. मग वसाहतीच्या कारभाराचा रुक्ष तपशील नको, असे म्हणून तो रॉबिनला नावेतून शहरात आणून सोडतो.

तपशील तरीही डोकावतोच. रॉबिन नावाड्याला पाच शिलिंगांची प्रांतिक कागदी नोट देतो. तिचे मोल इतके उतरलेले की वर आणखी तीन पेन्स द्यावे लागतात. मला हे कथेतले सर्वांत राजकीय वाक्य वाटते. मॅसॅच्युसेट्स १६९० पासून कागदी चलन काढत होते, आणि त्याला लगाम घालावा अशा आज्ञा गव्हर्नरांना लंडनहून येत. गव्हर्नरच्या हाती नकाराधिकार होता खरा. पण त्याचा पगार मंजूर करणे लोकप्रतिनिधींच्या सभेकडे होते. १७२८ मध्ये आलेल्या विल्यम बर्नेटने वर्षाला हजार पौंडांचा कायम पगार मागितला. सभा रक्कम द्यायला तयार होती, कायमचे बंधन पत्करायला नव्हती. १७२९ मध्ये वाद न मिटताच बर्नेट वारला. त्याच्यानंतरचा जोनाथन बेल्चर, जो मूळचा तिथलाच, अखेर वर्षावर्षाच्या मंजुरीवर राजी झाला. राजाचा प्रतिनिधी सभेच्या वर्षासनावर जगू लागला! कथेचा काळही साधारण हाच.

मॉलिन्यूचा अपराध कथेत का सांगितलेला नाही, ते इथे उमगते. डांबर फासून, पिसे चिकटवून धिंड काढलेला तो भारदस्त वृद्ध वाईट होता, असे हॉथॉर्न कुठेही म्हणत नाही. तो राजसत्तेच्या बाजूला उभा होता, एवढे जमावाला पुरे झाले. ज्याच्या वशिल्यावर रॉबिन नशीब काढायला आला, त्या आप्ताला पाहून सर्वांत मोठ्याने हसतो तो रॉबिनच. त्या हसण्यात आपणही सामील झालो की काय, ही शंका वाचकाला सोडत नाही.

याउलट ‘द ग्रे चॅम्पियन’ (१८३५). अँड्रॉसच्या शिपायांना अडवणारा वृद्ध प्युरिटन भव्य आहे, कथा मात्र सपाट. जुन्या सनदेचे ते स्वातंत्र्य आणि राजाचा तो जुलूम, असा सोपा हिशेब तिथे आहे. पण त्याच जुन्या राज्यात १६५९ ते १६६१ या काळात बोस्टनमध्ये चार क्वेकर फासावर गेले, आणि दुसऱ्या चार्ल्सच्या आज्ञेने ते सत्र थांबले. १६९१ च्या सनदेने मताधिकार चर्चच्या सभासदत्वापासून सोडवून मालमत्तेशी जोडला. हॉथॉर्नला हे ठाऊक नव्हते असे नाही. क्वेकरांच्या छळावरची ‘द जंटल बॉय’ त्याचीच, आणि सेलमच्या १६९२ च्या चेटूक खटल्यांतला न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा त्याचाच पूर्वज.

मॉलिन्यूच्या कथेत हॉथॉर्न टॉमस हचिन्सनच्या इतिहासाचा हवाला देतो. हा हचिन्सन स्वतः पुढे इथला राजनियुक्त गव्हर्नर झाला. त्याआधी, २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री, जमावाने त्याचे घर फोडले, तेव्हा त्या इतिहासाचे हस्तलिखित रस्त्यावरच्या चिखलात पडले होते. ते कुणीतरी वेचून आणले. हचिन्सन १७७४ मध्ये इंग्लंडला गेला, तो परत आला नाही.