दोन वकिलांची ‘शीळ’

मराठी भावगीताचा इतिहास कोणीही लिहायला घेतला की पहिल्याच पानावर ‘शीळ’ येते. कवी ना. घ. देशपांडे, गायक जी. एन. जोशी, कंपनी एच.एम.व्ही., काळ १९३०च्या दशकाचा आरंभ. एवढं नोंदवून लिहिणारा गजानन वाटव्यांकडे वळतो, तिथून सुधीर फडक्यांकडे. ‘पहिलं भावगीत’ हे बिरुद या गाण्याला इतकं चिकटलंय की लोक लांबूनच नमस्कार करतात आणि पुढे जातात. ते खरंच पहिलं का, यावर हुज्जत घालणारेही आहेत, जे. एल. रानड्यांचं नाव त्या ओघात हमखास निघतं. त्या वादात मला फारसा रस नाही. गाणं क्रमाने पाचवं-सहावं असतं तरी काय बिघडलं असतं? शर्यतीतला नंबर बाजूला ठेवून ‘शीळ’ नुसती ऐकायला हवी, आणि ऐकताना हे दोघं कोण होते ते आठवायला हवं. गाण्याच्या मानाने दोघंही मागे पडले.

ना. घ. म्हणजे नागोराव घनश्याम. जन्म १९०९चा, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेंदुर्जनचा. पुढचं बहुतेक आयुष्य मेहकरात गेलं, वकिली करण्यात. बुलढाण्याची माणसं आपला जिल्हा दोन भागांत सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मेहकर घाटावर, पैनगंगेच्या काठी. घाटाखालच्या मलकापुरात १८७२ साली नारायण मुरलीधर गुप्ते जन्मले, म्हणजे कवी ‘बी’. त्यांच्या ‘चाफा’ या कवितेला वसंत प्रभूंनी चाल दिली, लता मंगेशकरांनी ती गायली आणि ती घरोघर गेली. म्हणजे घाटावरचा एक आणि घाटाखालचा एक, असे दोन कवी या जिल्ह्याने मराठी गाण्याला दिले. गाणी सगळ्यांना ठाऊक आहेत, कवींचा जिल्हा विचारला तर मात्र बहुतेक जण पुण्या-मुंबईकडेच बोट दाखवतील.

या दोन कवितांत एक गंमत आहे. ‘चाफा’मध्ये ज्याची विनवणी चालली आहे तो समोर असूनही गप्प आहे. ‘शीळ’मध्ये ज्याच्याशी बोलणं चाललंय तो समोर नाहीच, फक्त त्याचा आवाज येतो. दोन्हींकडे संवाद एकतर्फी, आणि त्या एकतर्फीपणातच सगळी गोडी. ‘बीं’नी मात्र त्यातून वर जाणारी वाट काढली, चाफा वाचता वाचता आपण फुलापासून फार दूर, चिंतनात जाऊन पोचतो. ना. घ. रानातून हलत नाहीत. मला विचाराल तर गाण्याच्या दृष्टीने हे रानातच थांबणं जास्त अवघड.

कवितेत घडतं काय? म्हटलं तर काहीच नाही. एक मुलगी बोलते आहे. रानातून शीळ येते आहे. शीळ घालणाऱ्याला ती ‘राया’ म्हणते आणि लटकं रागावते: तुला वेळेचं भान नाही, रीतीभातीची पर्वा नाही, घराणं एवढं मोठं आणि वागणं हे असं. तक्रार पुढे पुढे जाते तसं कळत जातं की ही तक्रार नाहीच. ज्या गोष्टीबद्दल ती त्याला बोल लावते, तीच तिला हवी आहे. कवीने हे सुरुवातीलाच उघड करून सांगितलेलं नाही. ‘मला तू आवडतोस’ असं सरळ वाक्य आरंभीच तिच्या तोंडी आलं असतं, तर कवितेतली हवा निघून गेली असती. राया एकदाही झाडाआडून पुढे येत नाही. त्याचा पेहराव, वय यांतलं काही आपल्याला मिळत नाही. तो आहे तो मुख्यतः एवढाच: एक आवाज, आणि त्या आवाजाने केलेला घोटाळा.

भाषा गावाकडची आहे, पण बेताने. उच्चार थोडे सैल सोडलेले, एखादं रूप बोलीच्या वळणाने गेलेलं, एवढंच. ती ठसक्यात मारून मुटकून ‘ग्रामीण’ केलेली नाही. त्या काळात खेडूत मुलीच्या तोंडी कविता घालण्याची एक टूमच निघाली होती आणि त्यातल्या बऱ्याच कवितांत शहरातला कवी वेषांतर करून आल्यासारखा दिसतो. मेहकरच्या या माणसाला वेषांतराची गरज नव्हती. आणि यमकांकडे कान द्यावा. ध्रुवपद ‘ळ’वर संपतं, तो दीर्घ ‘ई’नंतर येतो. आधी स्वर लांबवायला मोकळी जागा, मग जीभ टाळूकडे मागे वळते आणि आवाज गोलाई घेऊन थांबतो. गाणाऱ्याला याहून काय पाहिजे? शीळ लांबते कशी आणि विरते कशी, ते कवीने अक्षरातच करून ठेवलं होतं.

हे ज्याला ऐकू आलं, तो गोविंद नारायण जोशी. तोही १९०९चाच, आणि तोही कायद्याचा पदवीधर. पुढे या जोडीतल्या एकाने मेहकरात कोर्टाची पायरी धरली, दुसऱ्याने कायद्याची पुस्तकं मिटून गाणं धरलं. ‘शीळ’ला चाल जोशींनी स्वतः लावली आणि ते स्वतःच गायले. रंगभूमीचा नट नाही, गादीवरचा उस्ताद नाही, तमाशाच्या फडातला शाहीर नाही. एक शिकलेला तरुण कविता गातो आहे, आणि कंपनी तिची प्लेट काढते आहे. तोवर मराठी प्लेट म्हणजे मुख्यतः नाटकाची पदं, लावण्या, अभंग. बाहेर रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता चालीवर म्हणत होते, लोक गर्दी करून ऐकत होते. पण चालीवर म्हणणं वेगळं आणि गाणं वेगळं. म्हणणारा कवितेला सांभाळून सभेपर्यंत पोचवतो. जोशींनी कवितेला सुरांत मुक्कामाला ठेवलं.

आता तबकडी. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची, दहा इंची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. पुढे भावगीताची लांबी तेवढीच ठरून गेली, ती कोणा कवीने किंवा रसिकाने ठरवलेली नाही. खाचा किती मावतात यावर ठरली. आणखी एक बदल नुकताच झाला होता. १९२५च्या सुमारास जगात विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, काही वर्षांत ते इथेही पोचलं. त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून दणकून गावं लागे. हळू गायलं तर सुई खाच पाडतच नसे. मायक्रोफोन आला आणि साध्या बोलण्याच्या पट्टीतल्या आवाजालाही किंमत आली. अमेरिकेत त्याच सुमाराला बिंग क्रॉसबीसारखे गायक कानाशी गुणगुणल्यासारखं गाऊ लागले होते, त्याचं कारणही हेच. जोशींचा आवाज मोठ्या थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा नव्हताच. पातळ, वरच्या अंगाचा, गोड, थोडा हळवा. दहा वर्षं आधी ते जन्मले असते तर या आवाजाची प्लेट निघाली असती का, मला शंका आहे.

तो आवाज त्यांनी वापरला कसा, ते पाहण्यासारखं आहे. नाट्यसंगीताचा दबदबा असताना ताना मारण्याचा मोह केवढा असेल! तीन मिनिटांत दोन तरी पल्लेदार ताना घालून आपण ‘तयार’ आहोत हे दाखवायची सोय होती. ते बारीक मुरकी घेतात, शब्दाच्या टोकाला सूर किंचित हलवतात आणि लगेच शब्दावर परततात. ‘शीळ’ या शब्दावर ते रेंगाळतात, बाकी शब्द बोलण्याच्या ओघात येतात. त्यामुळे मुलगी बोलते आणि मधूनच शीळ ऐकू येते, असा भास होतो. शीळ खरोखर वाजवून दाखवायचा स्वस्त उपाय त्यांनी केला नाही, हे फार बरं झालं. पुढच्या काळातल्या एखाद्या संगीतकाराने तिथे बासरीचा तुकडा टाकलाच असता आणि राया झाडाआडून बाहेर येऊन उभा राहिला असता.

पुरुषाने बाईचे शब्द गाणं आपल्याकडे नवं नव्हतं. शाहिरांनी स्त्रीच्या तोंडच्या लावण्या रचल्या, बालगंधर्वांनी शालू नेसून अख्खा महाराष्ट्र वेडा केला. पण तिथे सोंग होतं, नखरा होता, ते पाहायचंही होतं. प्लेटवर शालू नाही. जोशी बाईचा आवाज काढत नाहीत, लाडिक होत नाहीत. तरुण पुरुषाच्या सरळ आवाजात मुलीची तक्रार येते आणि ऐकताना क्षणभर कळेनासं होतं की हे बोलतंय कोण: शीळ ऐकणारी की शीळ घालणारा? तो तिची नक्कल करत गुणगुणतोय का? कवितेत नसलेला हा पदर गाण्याने तिला दिला. चांगली चाल कवितेचा अर्थ ‘उलगडते’ असं आपण सवयीने म्हणतो. इथे चालीने अर्थात थोडी लबाडी मिसळली आहे.

एक अवांतर. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख पळस, कुसुम, बोर असल्या झाडांवरचे किडे तयार करतात. रानातली शीळ रानातल्याच राळेत कोरली गेली. याचा कवितेशी काही संबंध नाही, पण एकदा सुचल्यावर सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

प्लेट चालली. जोशींनी आणखी भावगीतं गायली, काही युगुलगीतंही. त्यांच्याबरोबर गाणारी एक तरुण गायिका लेबलवर ‘गांधारी हनगल’ म्हणून छापली जाई. तिने पुढे आपलं गंगूबाई हेच नाव मोठं केलं आणि भावगीताकडे वळूनही पाहिलं नाही. जोशी मात्र हळूहळू काचेच्या पलीकडे गेले. एच.एम.व्ही.त नोकरीला लागले आणि दुसऱ्यांचं गाणं मुद्रित करणं हेच त्यांचं काम झालं. अमीर खाँ, बिस्मिल्ला खाँ यांच्यासारख्यांना स्टुडिओपर्यंत आणायचं, त्यांचे मूड सांभाळायचे, तासाचा राग तबकडीत बसवायला राजी करायचं. या कामाला टाळ्या नसतात. त्यांनी या दिवसांवर लिहिलेलं ‘स्वरगंगेच्या तीरी’ वाचलं की लक्षात येतं, हा माणूस हेवा न करता ऐकू शकत होता. गाणाऱ्या माणसाला हे जमणं सोपं नाही. त्यांच्यातला गायक मागे पडला याची हळहळ काही जण करतात. मला ती फारशी पटत नाही. ‘शीळ’मध्येही त्यांचं खरं बळ संयमातच होतं, तेच त्यांनी नोकरीत वापरलं.

१९६७मध्ये त्यांच्या देखरेखीखाली एक लाँग प्ले निघाली: ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. जगभर ती प्लेट गाजली. तिन्ही वादक नावारूपाला आले, जोशींचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात राहिलं. ती ऐकताना मला ‘शीळ’ आठवल्यावाचून राहत नाही. पुन्हा मोकळं रान, पुन्हा दूरवरून येणारा सूर, पुन्हा एक माणूस जो दिसत नाही. फरक एवढाच की तीन मिनिटांच्या जागी आता जवळपास चाळीस मिनिटं होती, आणि तिथे बासरी शोभून दिसली.

इकडे मेहकरात ना. घं.ची वकिली चालू होती. ‘शीळ’ घरोघर वाजून जुनी होत आली तरी कवीच्या नावावर पुस्तक नव्हतं. ‘शीळ’ हा पहिला संग्रह आला १९५४ साली. म्हणजे गाणं ऐकून ज्यांचं तारुण्य सरलं, त्यांनी कविता पुस्तकात वाचली ती चाळिशीत. पुढचा ‘अभिसार’ १९६३चा. ‘खूणगाठी’ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी पंच्याहत्तरी ओलांडलेला होता. मधल्या काळात त्यांच्या आणखी एका कवितेला राम फाटकांनी चाल दिली, सुधीर फडक्यांनी ती गायली. ते गाणं ‘शीळ’च्या अगदी दुसऱ्या टोकाचं: अंतर्मुख, थबकत चालणारं, मनाच्या तळाशी राहून गेलेल्या गोष्टीबद्दलचं. एकाच कवीची ही दोन गाणी लागोपाठ ऐकून पाहावीत. पहिल्यात आवाज बाहेरून येतो आणि मन बिथरतं. दुसऱ्यात तो आतून येतो आणि बाहेर काही हलत नाही. प्रसिद्धी पहिल्याची अधिक, पण वय वाढलेल्या वाचकाला दुसरं सोडवत नाही.

मेहकरात कंचनीचा महाल नावाची एक जुनी वास्तू आहे. लोक सांगतात, कंचनी नावाच्या नर्तकीला महालाच्या गच्चीवरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा अशी आस होती, म्हणून तिने इमारत उंच उंच बांधायला घेतली. विशीतल्या कवीच्या कवितेत दुरून आवाज आला होता. म्हाताऱ्या कवीला दुरून दिसणाऱ्या दिव्याची गोष्ट लिहावीशी वाटली. ‘कंचनीचा महाल’ १९९६मध्ये निघाला आणि २००० साली ना. घ. गेले. ही कविता लांब पल्ल्याची आहे, कथा सांगत जाणारी. प्लेटच्या एका बाजूला ती बसली नसती, आणि तिला चाल लावायला जोशीही उरले नव्हते. ते १९९४मध्येच गेले होते.