दोन प्रकारचं 'नाही'
लिनक्स ड्रायव्हरमधली एक नेहमीची चूक आपण तपासू. उपकरणाची रजिस्टरं कर्नलच्या पत्त्यांवर जोडणारं 'आयओरीमॅप' हे फंक्शन फसलं, तर 'नल' देतं. म्हणजे रिकामा हात. 'डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स' मात्र फसलं तरी हातावर पत्त्यासारखंच काही ठेवतं. आत असतो एरर कोड. आपण सवयीनं 'नल आहे का?' एवढंच विचारतो, उत्तर 'नाही' येतं, आणि त्या खोट्या पत्त्यावर वाचायला गेलो की कर्नल कोसळतो. तिथं 'इज_एर' हीच तपासणी हवी. न्याय-वैशेषिक परंपरेनं अभावालाही पदार्थ मानलं, त्याचे चार प्रकार केले. आमची टीका एवढीच, की एका अपयशाला दोन भाषा देणारी ही रचना सदोष आहेच. पण समोरचा अभाव कुठला, हे न विचारणारा आपला आळस त्याहून सदोष.