भिंतीवरचा हमाल

दसऱ्याच्या आदल्या पहाटे मार्केट यार्डातल्या फूलबाजारात जायचे, हा माझा परिपाठ बरीच वर्षे चालू आहे. झेंडू घराच्या कोपऱ्यावरही मिळतो, आणि चार पैसे वाचावेत म्हणून चांगली झोप मोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला घरात दरवर्षी ऐकावे लागते. मी ऐकतो आणि जातो. फुलांपेक्षा मला ओढ असते ती फुलांच्या राशींची. टेम्पोतून गोण्या उलट्या होतात आणि पाहता पाहता केशरी-पिवळ्या टेकड्या उभ्या राहतात. वर दिव्यांचा उजेड, खाली चिखल, आणि मधूनच पाठीमागून ‘बाजू, बाजू!’ अशी आरोळी. ती ऐकून जो वेळेवर बाजूला होत नाही, तो यार्डात पुन्हा येत नाही.

यंदा परतताना रस्त्यालगतच्या एका लांबलचक भिंतीवर नवे चित्र दिसले. उगवता सूर्य, बैलजोडी, फेटा बांधलेला शेतकरी, भाजीची टोपली घेतलेली नऊवारीतली बाई, आणि शेवटी एक हमाल. त्याच्या एका खांद्यावर पोते होते, छाती पुढे होती आणि चेहऱ्यावर समाधानाचे हसू होते. रंग ताजे होते, रेषाही सफाईदार होती. मी कौतुकाने पाहत उभा राहिलो. शेजारी हातगाडीला टेकून एक वयस्कर हमाल बिडी ओढीत होते. मी म्हणालो, “दादा, तुमचं चित्र काढलंय की!” त्यांनी मान तिरकी करून भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, “मोकळं पोतं दिसतंय, काका.”

चित्रकलेवरचे माझे वाचन अगदीच थोडे नाही. परंतु एवढे नेमके रसग्रहण माझ्या वाचनात क्वचित आले असेल. भरले पोते पाठीवर घेतलेला माणूस ताठ उभा राहत नाही. तो कमरेत वाकतो, मान पुढे काढतो, आणि त्याची नजर जमिनीवर असते. पूर्वी हे पोते शंभर किलोचे असे. ते घेऊन हसता येत नाही, हे कोणत्याही शाळकरी मुलाला कळेल. आमच्या चित्रकाराला ते कळले नाही, कारण त्याने हमालांची चित्रे पुष्कळ पाहिली असावीत आणि हमाल फारसे पाहिले नसावेत.

हल्ली शहराच्या जुन्या भागांना ‘ओळख’ मिळवून देण्याची मोठी हौस आहे. दिल्लीला लोदी कॉलनीच्या भिंती रंगल्या आणि ती पाहावयास लोक लांबून येऊ लागले. आमच्याकडे स्वच्छतेच्या स्पर्धा आल्या, त्यांबरोबर रंगाचे डबेही आले. ह्या हौसेला मी नावे ठेवणार नाही. कसबा पेठेत हर्षवर्धन कदम ह्या चित्रकाराने सुमारे एक तपापूर्वी जो उपक्रम केला, त्याने गल्लीबोळांतल्या पोपडे सुटलेल्या भिंतींकडे पुणेकरांना मान वर करून पाहावयास लावले. पुणेकराची मान वर करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. माझी तक्रार आहे ती त्यानंतर आलेल्या गुळगुळीत चित्रांविषयी. पगडी, टांगा, वाड्याचा दिंडी दरवाजा, ढोल वाजवणारा तरुण, की झाले पुणे! ही चित्रे कोणत्याही पेठेतल्या कोणत्याही भिंतीवर खपतात. त्यांवरून आपण कोठे उभे आहोत, हे मात्र समजत नाही.

वास्तविक ओळख देण्याचा उद्योग ह्या शहरात नवा नाही. सरकार-दरबाराने दिलेली नावे बहुधा नीरस निघाली. मुर्तजाबादची शनिवार पेठ झाली, विसापूरची शुक्रवार, वेताळ पेठेची गुरुवार. आठवड्याचे वार भिंतीवरच्या कॅलेंडरातून काढून वस्त्यांना चिकटवावेत, तसे. लोकांनी ठेवलेली नावे पाहा. तांबट आळी म्हटले की ठोक्यांचा आवाज कानात येतो. तपकीर गल्लीत शिंक आल्यासारखी वाटते. देवही ह्या नामकरणातून सुटले नाहीत. ज्याच्या आसपास पासोड्या विकल्या जात, तो विठोबा पासोड्या झाला. जिलबीच्या शेजारातला मारुती जिलब्या झाला. भक्तीला ह्यात कोठे बाधा आल्याचे ऐकिवात नाही. आजूबाजूला चाललेला धंदा, त्याचा वास, त्याचा आवाज नावात उतरे.

आता मंडईकडे येतो, कारण मार्केट यार्डाचे मूळ घर ते. अष्टकोनी मनोऱ्याभोवती आठ बाजूंना पसरलेली ती दगडी इमारत १८८६ साली उघडली आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणू लागले. ह्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यास नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला, त्यांत जोतीराव फुले होते. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणी ऐकले नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ह्याच इमारतीला महात्मा फुले ह्यांचे नाव देण्यात आले. जी वास्तू होऊ नये म्हणून माणूस भांडला, तिच्याच कपाळावर त्याचे नाव! ह्याला कोणी विसंगती म्हणतील. मला मात्र पुण्यातले सर्वांत बोलके नाव हेच वाटते. भाजी घ्यावयास आलेल्या मुलाने ‘हे फुले कोण?’ असे विचारले, की उत्तर देता देता सारी गोष्ट सांगावी लागते, आणि त्यात पैसा कशावर खर्चावा हा प्रश्न येतोच. शिवाय त्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून ते फुले झाले. बाजारातून निघालेले आडनाव फिरून बाजारावर येऊन बसले, ह्याहून समर्पक काय असणार?

मंडईसमोर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. दुसऱ्याच वर्षी केशवराव जेधे ह्यांनी नगरपालिकेत फुल्यांचा पुतळा उभारण्याची मागणी केली आणि ती फेटाळली गेली. त्यातून पत्रके निघाली, ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले, खटला झाला, आणि अपिलात आरोपींच्या बाजूने डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. सणासुदीच्या अंकात जुनी भांडणे कशाला उकरता, असे कोणी म्हणेल. पण आज पुतळ्यावरचे नाव आणि इमारतीवरचे नाव समोरासमोर नांदतात, दोघांच्या मध्ये मेथीच्या जुड्या आणि तुळशीबागेला निघालेल्या बायका असतात, हे दृश्य मला कोणत्याही रंगवलेल्या भिंतीहून मोलाचे वाटते. ते कोणा एकाने आखलेले नाही. गावाने भांडून भांडून ते मिळवले आहे.

जागा अपुरी पडू लागली तेव्हा घाऊक बाजार गुलटेकडीवर आला. कागदोपत्री त्याचे नाव श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड. परंतु रिक्षावाल्याला आपण सांगतो ‘यार्डात चल’, आणि तो बरोबर आणून सोडतो. महाराजांविषयी आदर नाही असे कोणी म्हणणार नाही. जिभेला लांब नाव पेलत नाही, एवढेच. इथेही शारदा-गजाननाचे देऊळ आहे. अखिल मंडई मंडळाचा गणपतीही शारदेसह बसलेला असतो, तेव्हा हा केवळ योगायोग नसावा. माणसे बिऱ्हाड हलवताना देव बरोबर नेतात.

ह्या भागातल्या नामकरणाचा उत्तम नमुना मला कोणी विचारला, तर मी हमाल पंचायतीकडे बोट दाखवीन. डॉक्टर बाबा आढावांनी ती १९५५ साली उभी केली, आणि १९७४ साली तिच्या स्वस्त खाणावळी सुरू झाल्या तेव्हा त्यांचे नाव ठेवले ‘कष्टाची भाकर’. दोन शब्द, दोन्ही रोजच्या बोलण्यातले. जेवण कोणी शिजवले, कोणासाठी, आणि ते दान नव्हे, हे सारे त्यांत आले. जाहिरात करणाऱ्या मंडळींनी ह्या दोन शब्दांपुढे घटकाभर बसावे. हिंदी-इंग्रजीची खिचडी करून रात्रंदिवस नावे शोधणाऱ्यांना असे नाव सापडत नाही, कारण ते शोधून सापडणारे नाही. १९६९ साली माथाडी कायदा होईपर्यंत ज्यांच्या श्रमांना नीट हिशेबही नव्हता, त्यांच्या तोंडून ते सहज येते.

भिंतीच्या चित्राकडे पुन्हा वळतो. त्यात अडत्या नाही, लिलावाची बोली नाही, काटा नाही. सांडलेले धान्य झाडून, पाखडून, निवडणाऱ्या बायका नाहीत. भाव पडला म्हणून टोमॅटोची पाटी तशीच टाकून गावी परतणारा शेतकरी तर मुळीच नाही. चित्रातला शेतकरी बारमाही हसतो. ज्या जागी दररोज पहाटे पैशाची घासाघीस होते, तिथली भिंत इतकी निर्विवाद कशी, हे मला समजत नाही. सुंदर चित्र काढू नये असे मी म्हणत नाही. त्या झेंडूच्या राशी सुंदरच असतात, पण त्यांच्या खाली चिखल असतो आणि कोणीतरी त्या पाठीवर वाहून आणलेल्या असतात.

हा प्रश्न लवकरच मोठा होणार आहे. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. स्वारगेट ते कात्रज ह्या मार्गालाही त्याच वर्षी मंजुरी मिळाली आणि त्यातल्या नियोजित स्थानकांत एक मार्केट यार्ड आहे. नाव लोकांच्या तोंडचेच घेतले, हे चांगले झाले. आता स्थानक म्हटले की भिंती आल्या, आणि भिंती आल्या की बैलजोडी आलीच. तेव्हा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी कोणीतरी एक पहाट यार्डात घालवावी.

मी निघताना त्या हमालदादांना विचारले होते, “मग तुमचं चित्र काढायचं, तर कसं काढावं?”

त्यांनी बिडी विझवली, गाडीचे दांडे हातात घेतले आणि क्षणभर विचार केला.

“बसलेलं काढा,” ते म्हणाले. “हातात चहा द्या. उभं तर सगळ्यांनी पाहिलंय.”

आणि ‘बाजू, बाजू!’ करीत ते गर्दीत शिरले.