खडी गंमत, ‘सोंगाड्या’ आणि प्रेक्षकांचे रिंगण

भाऊबीज सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि तिच्या निमित्ताने खडी गंमत रंगते. कलावंत सारा खेळ उभ्यानेच करतात, म्हणून ती ‘खडी’. शाहीर, ढोलकीवाला, स्त्रीवेषातील नाच्या आणि विनोदी पात्र एवढ्या सामग्रीवर एकामागून एक सोंगे येतात व जातात. कथानकाची सलगता त्यांत बहुधा नसते. तरीही खेळ विस्कळीत वाटत नाही. याचे कारण संहितेत नव्हे, तर भोवती दाटलेल्या प्रेक्षकांत शोधावे लागेल. कोणी टोमणा मारला तर नट तिथल्या तिथे त्याला उत्तर देतो. येथे प्रेक्षक हेही एक पात्रच होय.

असा विनोद पडद्यावर नेला म्हणजे हे पात्र नाहीसे होते. त्याची उणीव कशी भरून काढावी, या प्रश्नाला १९७१ साली दोन चित्रपटांनी भिन्न उत्तरे दिली. इंग्लंडच्या ‘माँटी पायथन’ मंडळीने दूरचित्रवाणीवर गाजलेली आपली प्रहसने ‘अँड नाऊ फॉर समथिंग कम्प्लिटली डिफरंट’ या चित्रपटासाठी नव्याने चित्रित केली. मूळ कार्यक्रमातील स्टुडिओतल्या प्रेक्षकांचे हसू त्यातून वगळले गेले. मेलेल्या पोपटाची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचे प्रहसन शब्दशः जवळजवळ तेच राहिले. पण वाक्यांमधल्या विरामांना प्रतिसाद उरला नाही, आणि म्हणून ते काहीसे कोरडे वाटते.

दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ने निराळा मार्ग धरला. वसंत सबनीसांच्याच ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात कोंडके यांच्या हजरजबाबीपणाने रंगभूमी गाजली होती. चित्रपटासाठी मात्र सबनीसांनी स्वतंत्र कथा लिहिली. आईच्या धाकात वाढलेला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो. म्हणजे या कथेचा नायक प्रथम प्रेक्षक आहे. रिंगणातून हरवलेला प्रेक्षक येथे कथेच्या केंद्रस्थानी बसविला आहे; चित्रपटगृहातील रसिक त्याच्या डोळ्यांनी तमाशा पाहतो. या चित्रपटाच्या यशाचे एक मर्म येथे आहे. तथापि त्याची किंमतही द्यावी लागली: विनोद एका कथेला बांधला गेला आणि उत्स्फूर्त प्रत्युत्तराची जागा ठरलेल्या संवादाने घेतली.

खडी गंमतीचे चित्रीकरण करू पाहणाऱ्या संशोधकांना या तुलनेतून एक बोध घेता येईल. कॅमेरा केवळ नाच्यावर आणि शाहिरावर रोखून धरला तर गाणी व संवाद जतन होतील, परंतु हा विनोद ज्याच्या आधारावर उभा असतो ते जतन होणार नाही. टोमणा कोणी मारला, हसू कोणत्या बाजूने उठले आणि नटाने त्यासाठी किती वेळ थांबून पाहिले, याची नोंद ज्या चित्रीकरणात नसेल ते या कलेचे अर्धेच दस्तऐवजीकरण ठरेल.